भिंत घालावी की जमीन उचलावी?

फुनाफुती ही पॅसिफिक महासागरातल्या तुवालू या बेटदेशाची राजधानी. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत तिथे उधाणाची मोठी भरती येते, तेव्हा पाणी किनारा ओलांडून आत शिरेलच असे नाही. ते बेटाच्या मधोमध, जमिनीतून वर येते. धावपट्टीच्या कडेचा सखल भाग, घरामागचे अंगण, डुकरांच्या खुराड्याजवळची मोकळी जागा, अशा ठिकाणी आधी वाळू काळपट ओली होते. मग तिच्यातून बारीक बुडबुडे येऊ लागतात आणि बघता बघता घोटाभर खारे पाणी साचते. आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो, लाटाही फारशा नसतात. ओहोटी लागली की पाणी आले त्याच वाटेने खाली उतरते आणि मागे मिठाचा पांढुरका थर राहतो.

समुद्राची पातळी वाढते आहे, मग बेटाभोवती भिंत का बांधत नाहीत, असे आपल्याला सहज वाटते. त्याचे उत्तर या बुडबुड्यांत आहे. मात्र ते नीट समजायचे तर बेटाच्या पोटात काय आहे, तिथून सुरुवात केली पाहिजे.

मध्ये शांत पाण्याचे लगून, भोवती प्रवाळाची कड आणि त्या कडेवर जागोजाग साठलेल्या वाळूची चिंचोळी बेटे, अशा रचनेला कंकणद्वीप म्हणतात. तुवालूत नऊ मुख्य बेटे आहेत आणि त्यांतली बहुतेक याच प्रकारची. सगळी मिळून जमीन फक्त २६ चौरस किलोमीटर, लोकवस्ती ११ हजारांच्या आसपास. देश १९७८ मध्ये स्वतंत्र झाला. राजधानीचे मुख्य बेट फोंगाफाले. त्याची जास्तीत जास्त रुंदी ४०० मीटरांच्या आसपास, आणि काही ठिकाणी ती इतकी कमी होते की रस्त्यावर उभे राहिले की एका हाताला महासागर आणि दुसऱ्या हाताला लगून दिसते. बहुतेक जमीन समुद्रापासून दोन-तीन मीटरांपेक्षा उंच नाही.

ही बेटे तयार कशी झाली, याचा खल फुनाफुतीतच झाला होता. खोल समुद्रातला ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचत जातो आणि त्याच्या कडेने वाढणारे प्रवाळ सूर्यप्रकाशासाठी वर वर बांधत राहतात. शेवटी डोंगर पाण्याखाली जातो आणि प्रवाळाची गोल कड तेवढी उरते, असे चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडले होते. ते खरे की खोटे हे बघायला लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६, १८९७ आणि १८९८ अशी लागोपाठ तीन वर्षे फुनाफुतीवर पथके पाठवली. त्यांनी सुमारे ३४० मीटर खोल भोक पाडले. खालपर्यंत सगळा प्रवाळाचा चुनखडक निघाला, ज्वालामुखीचा दगड लागलाच नाही. तो पुढे १९५२ मध्ये मार्शल बेटांतल्या एनेवेटाकवर लागला, १,२०० मीटरहून अधिक खोलीवर. डार्विनचे म्हणणे खरे ठरले.

वादाचा निकाल लागला, पण इंजिनिअरांच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. हा शेकडो मीटर जाडीचा चुनखडक भोकाभोकांचा, पोकळ्यांचा आहे, आणि त्यावर काही मीटर वाळू आणि प्रवाळाचे तुकडे. भरतीचा दाब त्यातून बेटाच्या पोटापर्यंत आरपार पोचतो. आपल्याकडे पेण-अलिबागच्या खाडीकाठी लोकांनी पिढ्यानपिढ्या खारबंदिस्ती केली आणि मातीच्या बांधांमागे भात पिकवला. ते जमले, कारण खाडीची चिकणमाती पाणी सहसा झिरपू देत नाही. नेदरलँड्सच्या बांधांमागेही मोठा आधार चिकणमातीचाच आहे. कंकणद्वीपावर तसली माती औषधालाही नाही. चाळणीला कितीही उंच कड लावली तरी पाण्यात ठेवल्यावर ती आतून कोरडी राहत नाही. फोंगाफालेभोवती नुसती भिंत बांधली तर तेच होईल. शिवाय जोराच्या पावसाचे पाणी भिंतीच्या आत अडकेल ते वेगळेच.

आता वाळूकडे येऊ. या बेटांवरची वाळू डोंगर झिजून नदीने आणून टाकलेली नाही. तिथे डोंगरही नाही आणि नदीही नाही. ती सगळी जिवंत प्राण्यांनी तयार केलेली आहे. तुवालूच्या किनाऱ्यावरची चिमूटभर वाळू भिंगाखाली धरली तर तिच्यात प्रवाळाच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याबरोबर बरेच कण गोल चकतीसारखे किंवा काटेरी चांदणीसारखे दिसतात. हे फोरामिनिफेरा. एकपेशीय जीव, पण अंगाभोवती चुन्याचे कवच बांधतात. आकार जेमतेम मिलिमीटरभर. प्रवाळाच्या उथळ पठारावर शेवाळाला धरून ते लाखोंनी राहतात आणि मेले की त्यांची कवचे लाटांबरोबर किनाऱ्याला लागतात. मालदीवमध्ये हे काम मुख्यतः पोपट मासा करतो. तो चोचीसारख्या दातांनी प्रवाळखडक खरवडून खातो, घशातल्या दातांनी भरडतो आणि चुना वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. मालदीवच्या वाक्कारू बेटाभोवती शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा दरवर्षी नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक या माशांची निघाली. त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बेटाची जमीन असे रोज उत्पादन होणारे पीक आहे, ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते आणि संरक्षणाच्या आराखड्यांत ती सर्वांत शेवटी आठवली जाते, याचे वाईट वाटते.

वाळू तयार करणे एक, ती उचलून बेटावर टाकणे दुसरे. ते काम समुद्र करतो आणि त्यातही वादळ. ऑक्टोबर १९७२ मध्ये बेबे नावाचे चक्रीवादळ फुनाफुतीवरून गेले. गावातली बहुतेक घरे जमीनदोस्त झाली. पण त्याच रात्री समुद्राने प्रवाळकडेच्या बाहेरच्या उतारावरचे दगडगोटे उचलून बेटांच्या महासागराकडच्या बाजूला सुमारे १९ किलोमीटर लांबीचा बांध रचून ठेवला. तो कुठे कुठे चार मीटर उंच आणि ३० मीटरहून रुंद होता. पुढच्या वर्षांत लाटांनी तो हळूहळू किनाऱ्याकडे ढकलला आणि त्याची जमीन झाली. लोकांचे घरदार नेणारे वादळच बेटाला नवा भरणा देऊन जाते.

म्हणूनच २०१८ मध्ये शास्त्रज्ञ पॉल केन्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुवालूच्या या मुख्य बेटांमधल्या एकूण १०१ लहानमोठ्या बेटांची १९७१ ते २०१४ या काळातली हवाई आणि उपग्रह छायाचित्रे ताडून पाहिली, तेव्हा एकूण जमीन कमी होण्याऐवजी ७३ हेक्टरने, म्हणजे २.९ टक्क्यांनी वाढलेली निघाली. समुद्राची पातळी त्या काळात तिथे दरवर्षी सरासरी ३.९ मिलिमीटर वाढत होती. हा निष्कर्ष आला आणि बुडती बेटे वगैरे सगळे थोतांड आहे, असे म्हणणाऱ्यांना चेव चढला. त्यांनी निबंध पुरता वाचला नव्हता. बेटांचा आकार बदलतो, ती सरकतात, एका टोकाला झिजतात आणि दुसऱ्या टोकाला भरतात, हे त्यातले खरे सांगणे. जमिनीचे क्षेत्रफळ टिकले म्हणून त्यावरचे घर टिकते असे नाही. आणि क्षेत्रफळ मोजल्याने उंची कळत नाही, विहिरीतले पाणी गोडे राहिले की खारे झाले, हेही कळत नाही.

निर्जन बेट खुशाल सरकू शकते. फोंगाफालेवर मात्र इस्पितळ आहे, शाळा आहे, चर्च आहे, कबरी आहेत, वीजकेंद्र आहे, अमेरिकी सैन्याने दुसऱ्या महायुद्धात बांधलेली धावपट्टी आहे. त्या धावपट्टीच्या भरावासाठी सैन्याने बेटावरच ठिकठिकाणी खड्डे खणले होते. युद्ध संपले, सैन्य गेले, खड्डे राहिले. त्यात खारे पाणी आणि कचरा साठत गेला आणि त्यांच्या काठाने लोक सत्तर वर्षे राहिले. अखेर २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या पैशातून लगूनमधली वाळू उपसून ते बुजवण्यात आले. एका युद्धाने पाडलेले खड्डे भरायला इतका वेळ लागावा, हे त्या देशाच्या ताकदीचे नव्हे, जगाने त्याच्याकडे किती लक्ष दिले त्याचे माप आहे. आता नासाच्या अभ्यासानुसार तुवालूभोवतीची समुद्रपातळी २०२३ मध्ये त्याआधीच्या ३० वर्षांच्या तुलनेत सुमारे १५ सेंटिमीटर वर होती, आणि २०५० पर्यंत तिथली बरीचशी जमीन आणि महत्त्वाची बांधकामे सरासरी भरतीच्या पातळीखाली जातील. जिथे माणसे अशी एका जागी बांधली गेली आहेत, तिथे काहीतरी बांधावेच लागेल. काय आणि कुठे, हाच खरा प्रश्न.

भिंतीचे बरे-वाईट दोन्ही पाहायचे तर मालेला जावे लागते. मालदीवची ही राजधानी मुळात एवढेसे बेट. वस्ती वाढली तशी सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत दक्षिणेकडच्या उथळ प्रवाळपठारावर भराव घालून ते पार कडेपर्यंत वाढवले. त्या पठारावर फुटून लाटा दमत असत. ते भरावाखाली गेले. एप्रिल १९८७ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या दूरच्या वादळांनी उठवलेल्या लांब लाटा थेट नव्या भरावावर येऊन आदळल्या. मालेत आणि विमानतळावर पाणी शिरले, भरावाचा मोठा भाग वाहून गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत समुद्र वाढला तर आमचा देश राहणार नाही, असे जगाला सांगितले. समुद्रपातळीवाढ हा राजकारणाचा विषय झाला तो तिथून.

नंतर जपानच्या मदतीने मालेच्या दक्षिणेला टेट्रापॉडचा लाटरोधक बांध उभा राहिला आणि २००२ पर्यंत शहराभोवतीच्या संरक्षक भिंतीचे काम पूर्ण झाले. टेट्रापॉड मुंबईकरांना नवे नाहीत. मरीन ड्राइव्हच्या कठड्याखाली तेच पडलेले असतात. चार पायांचा हा काँक्रीटचा ठोकळा १९५० मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या जलप्रयोगशाळेत तयार झाला. त्याची करामत अशी की, सपाट भिंतीवर लाट आपटली तर तेवढ्याच जोराने मागे फिरते आणि जाताना भिंतीच्या पायथ्याची वाळू ओरबाडून नेते. वर्षा-दोन वर्षांत भिंतीचा पाया उघडा पडतो आणि ती पुढे कलते. टेट्रापॉड एकमेकांत पाय गुंतवून बसतात. लाट त्यांच्या फटींत शिरते, फुटते, तिचा जोर तिथेच मोडतो.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत मालेच्या बऱ्याच भागात पाणी शिरले, पण भिंतीमुळे मोठी हानी टळली. (कंकणद्वीपांभोवती समुद्र एकदम खोल होतो, त्यामुळे त्सुनामीची लाट तिथे श्रीलंकेच्या किंवा तामिळनाडूच्या किनाऱ्यासारखी उंच होत नाही, भिंतीला सगळे श्रेय देताना हे लक्षात ठेवावे.) देशाच्या इतर बेटांवर मात्र शंभराच्या आसपास माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. कांधोलुधू हे बेट तर कायमचे सोडावे लागले. तिथले लोक चार वर्षांनी धुवाफारू नावाच्या दुसऱ्या बेटावर वसवले गेले. मालेसारखी भिंत देशातल्या सुमारे १९० वस्तीच्या बेटांना घालायची म्हटले तर पैसा कुठून आणायचा? आणि घातलीच, तर किनारा जाणार. मालेला मूळचा वाळूचा किनारा आज जवळपास उरलेला नाही. दोन लाखांचे शहर वाचवायला ती किंमत रास्त म्हणता येईल. पाचशे माणसांच्या मच्छीमार बेटावर, जिथे होडी वाळूवरच ओढायची असते, तिथे म्हणता येणार नाही.

वाळूची वाट अडवल्याचे परिणाम पॅसिफिकमधल्याच किरिबाती या देशाने भोगले आहेत. त्याच्या राजधानीतली, म्हणजे दक्षिण तारावातली, चिंचोळी बेटे जोडायला भरावाचे रस्ते टाकले, तेव्हा बेटांमधल्या खाड्या बंद झाल्या. लगून आणि महासागर यांच्यातली पाण्याची ये-जा थांबली, वाळूने नव्या जागा धरल्या, कुठे किनारा वाढला, कुठे तुटला. बिकेमान नावाचे लगूनमधले छोटे बेट दिसेनासे झाले, त्यामागे अशा बांधकामाने बदललेले प्रवाह आहेत, असे अभ्यासकांचे मत आहे. तारावात लोक स्वतःही भिंती बांधतात. गोण्यांत वाळू-सिमेंट भरून घरासमोर रचतात. ती वाळू बहुधा त्याच किनाऱ्यावरून उचललेली असते, आणि भिंतीच्या टोकाला वळलेली लाट शेजाऱ्याची जमीन खाते. मग शेजारीही भिंत बांधतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. घर डोळ्यांदेखत चालले असेल तर माणूस हाताला लागेल ते रचणारच. पण देणगीदार देशांनी आणि त्यांच्या सल्लागारांनी वाळू कुठून येते आणि कुठे जाते हे न तपासता भिंती उभ्या करून द्याव्यात, आणि काही वर्षांत त्या ढासळल्या की परत तशाच बांधाव्यात, हे मात्र क्षम्य नाही.

राहिला दुसरा मार्ग. पाणी खालून येत असेल तर जमीनच वर उचलायची. मालदीवने १९९७ मध्ये मालेशेजारच्या प्रवाळपठारावर हुलहुमाले हे नवे बेट घडवायला घेतले. पहिल्या टप्प्यात १८८ हेक्टर, दुसऱ्यात आणखी २४० हेक्टर. त्याची उंची समुद्रापासून सुमारे दोन मीटर, मालेपेक्षा अधिक. आज तिथे उंच इमारतींत हजारो कुटुंबे राहतात आणि २०१८ पासून पुलाने ते मालेला जोडलेले आहे. पुढे भारताच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून दक्षिणेकडच्या अड्डूतही भराव झाला. भरावाखाली मात्र जिवंत प्रवाळ गाडले जातात आणि उपशाने उठलेला गाळ आसपासच्या प्रवाळांवर बसून त्यांचा प्रकाश तोडतो. म्हणजे वाळू करणाऱ्यालाच इजा करून वाळू मिळवायची. लहान बेटांवर हा व्यवहार फार जपून करावा लागतो.

तुवालूने तो कसा केला, ते जवळून पाहण्यासारखे आहे. तिथल्या किनारासंरक्षण प्रकल्पाला हरित हवामान निधीने ३ कोटी ६० लाख डॉलर अनुदान दिले, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत २०१७ पासून काम सुरू झाले. आधी विमानातून लेसर सोडून नऊही बेटांची उंची मोजली, लगूनच्या तळाचीही मोजणी झाली. तोपर्यंत कोणत्या घराचा ओटा समुद्रापासून किती उंच, हे नेमके कोणालाच सांगता येत नव्हते. मग फोंगाफालेच्या लगूनच्या बाजूला ७८० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद अशी नवी पट्टी उभारली. महासागराची बाजू सोडली, कारण तिथे वादळे दगडगोटे आणून टाकतात. ते काम चालू राहिले पाहिजे. लगूनमध्ये लाट लहान, आणि वाळूचा साठाही जवळ. आधी जाड कृत्रिम कापडाच्या प्रचंड पिशव्यांत वाळू भरून बाहेरची कड रचली. पिशवीतून पाणी निघून जाते, वाळू आत राहते. मग ड्रेजरने तळाची वाळू पाण्यासकट शोषून नळातून कडेच्या आत सोडली. पाणी निथळून परत लगूनमध्ये गेले, वाळू बसली, बुलडोझरने ती पसरून दाबली. हा भराव २०२३ च्या अखेरीस पूर्ण झाला. त्याची उंची अशी धरली आहे की वादळी लाटांसकट २१०० नंतरचा समुद्रही त्यावर येऊ नये.

उत्तरेकडच्या नानुमेआ आणि नानुमांगा या बेटांवर याच प्रकल्पाने वेगळे केले, आणि माझ्या मते या सगळ्यातले सर्वांत शहाणपणाचे काम हेच. तिथे वाळूचा नैसर्गिक उंचवटा आहे. मार्च २०१५ मध्ये पॅम चक्रीवादळाच्या लाटांनी तुवालूच्या अनेक बेटांवर असे उंचवटे ओलांडले होते. अभियंत्यांनी किनाऱ्यावर भिंत न घालता, त्या उंचवट्याच्या माथ्यावर, झाडीच्या मागे, वाळूभरल्या पिशव्यांचा कमी उंचीचा बांध दिला. त्याच्या पुढचा किनारा मोकळा राहिला. तो हवा तसा सरकू शकतो, होड्या ओढता येतात, कासवांना वर येता येते. नानुमेआत वस्तीला अगदी लागून असलेल्या भागात तेवढे षटकोनी पोकळ काँक्रीटचे ठोकळे बसवले.

फोंगाफालेची सात-आठ हेक्टरांची पट्टी ही सुरुवात आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तुवालूने ‘ते लाफिगा ओ तुवालू’ हा लांब पल्ल्याचा आराखडा मांडला. त्यात दक्षिण फोंगाफालेला लागून ३.६ चौरस किलोमीटर उंच जमीन घडवायची आणि लोकवस्ती, इस्पितळ, पाणीसाठा, सगळे टप्प्याटप्प्याने तिच्यावर न्यायचे आहे. म्हणजे झालेल्या कामाच्या जवळजवळ पन्नासपट. हवामानाच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २१०० पर्यंत समुद्र उत्सर्जनाप्रमाणे साधारण ३० सेंटिमीटर ते एक मीटर चढेल असा अंदाज दिला आहे. या दोन टोकांमधला फरक म्हणजे लगूनमधून उपसायची किती वाळू, आणि तो फरक तुवालूच्या हातात नाही.

उंच जमिनीचा आणखी एक लाभ सहसा बोलला जात नाही. पावसाचे पाणी बेटाच्या वाळूत मुरते आणि जड खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा भिंगासारखा थर तरंगत राहतो. समुद्रपातळीच्या वर हा थर एक मीटर असेल तर खाली तो ४० मीटरांपर्यंत टिकू शकतो, असे साधे गणित आहे. चिंचोळ्या बेटावर तो मुळातच पातळ. एखादी लाट बेटावरून गेली की महिनोन् महिने मचूळ होतो. तुवालूत लोक खड्डे खणून या पाण्यावर पुलाका लावत आले. तो आपल्या अळूच्याच कुळातला मोठा कंद. त्याच्या लागवडीची युक्ती घराण्याघराण्यांत जपलेली असे. खाऱ्या पाण्याने कितीतरी खड्डे निकामी झाले. पिण्याचे पाणी आता पत्र्यावरून टाकीत साठवलेल्या पावसाचे. २०११ मध्ये पाऊस लांबला, तेव्हा आणीबाणी जाहीर करून न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातून पाणी आणि खारे पाणी गोडे करणारी यंत्रे आणावी लागली. मार्शल बेटांतल्या रोई-नामूरवरचा २०१८ चा एक अभ्यास सांगतो की, बेट बुडण्याच्या कितीतरी आधी, शतकाच्या मध्याच्या सुमारास, वरचेवर ओलांडणाऱ्या लाटांनी गोडे पाणीच संपेल. उंच आणि रुंद भरावात हा थर नव्याने धरता येतो, पण तो आपोआप धरत नाही. पावसाचे पाणी मुरायला जागा ठेवावी लागते, सांडपाण्याच्या टाक्या दूर ठेवाव्या लागतात. मार्शल बेटांतल्याच माजुरोत दाट वस्तीच्या किनाऱ्यालगत वाळू घडवणारे फोरामिनिफेरा फार कमी झाल्याचे आढळले आहे. गटाराचे काम आणि किनाऱ्याचे काम एकाच नकाशावर यायला हवे ते यासाठी.

सगळ्यांत मोठा लाटरोधक बांध मात्र माणसाने बांधलेला नाही. प्रवाळाची कड लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा जिरवते. तो बांध स्वतःची डागडुजी स्वतः करतो, पाणी चढले तर थोडाफार वर वाढतो आणि वाळूही पुरवतो. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापला तेव्हा मालदीवचे उथळ पाण्यातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. पृथ्वी दीड अंशाने तापली तर जगातले ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील, दोन अंशांनी तापली तर ९९ टक्क्यांहून अधिक, असे आयपीसीसीने २०१८ मध्ये सांगितले. याला टेट्रापॉडचे उत्तर नाही. भराव वाळूचा असो वा भिंत काँक्रीटची, कोळसा आणि तेल जाळणे कमी होण्याला ती पर्याय ठरू शकत नाही. ती मिळालेल्या मुदतीत माणसे सुरक्षित ठेवते एवढेच.

त्या मुदतीचा खर्च कोणी करायचा? ३ कोटी ६० लाख डॉलर म्हणजे तुवालूच्या माणशी तीन हजार डॉलरांहून अधिक. हे ऐकून बाहेरचे कोणीतरी हमखास म्हणते की एवढ्या पैशात माणसे दुसरीकडे हलवावीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेल्या फालेपिली कराराने वर्षाला २८० तुवालूवासीयांना तिथे राहण्याची वाट खुली केली. २०२५ च्या पहिल्या सोडतीत कुटुंबीय धरून आठ हजारांहून अधिक लोकांनी नावे दिली. यावरून लोकांना जायचेच आहे, असा अर्थ काढणे अन्यायाचे आहे. मुलांच्या शिक्षणासाठी, इस्पितळासाठी परवाना हाताशी ठेवणे वेगळे आणि देश सोडणे वेगळे. त्याच करारात ऑस्ट्रेलियाने फुनाफुतीतल्या भरावासाठीही पैसे दिले आहेत आणि समुद्र कितीही चढला तरी तुवालूचे राष्ट्र म्हणून अस्तित्व राहील, हे मान्य केले आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही जुलै २०२५ च्या सल्लामतात, समुद्र चढून किनारा मागे हटला तरी समुद्रहद्दी नव्याने आखण्याची सक्ती नाही, असे म्हटले. तुवालूचा सात लाख चौरस किलोमीटरहून मोठ्या समुद्रावरचा हक्क आणि ट्यूना मासेमारीच्या परवान्यांचे उत्पन्न त्यावर अवलंबून आहे. पण कायद्यात टिकलेल्या देशात आजी-आजोबांच्या कबरी कोरड्या राहत नाहीत. त्यासाठी वाळूच लागते.

हे सगळे आपल्यापासून वाटते तितके दूर नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त उद्रेकाने दख्खनचा काळा पाषाण ओतला, त्याच उद्रेकाच्या मागोव्यावर, भारताचा भूखंड उत्तरेला सरकत गेला तशी, समुद्रात एक रांग तयार झाली. तिच्यावर लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस ही कंकणद्वीपे बसली आहेत. लक्षद्वीपची ३६ बेटे, ३२ चौरस किलोमीटर जमीन, वस्तीची बेटे दहा. बंगाराम कंकणद्वीपातले पराली-१ हे निर्जन बेट झिजून नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये एका अभ्यासात नोंदले गेले. तिथले प्रवाळही १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तापलेल्या पाण्याने होरपळले. आणि वस्तीच्या बेटांवर जागोजाग टेट्रापॉड रचलेले आहेत. कुठल्या किनाऱ्याला ते हवेत आणि कुठल्या किनाऱ्याला उंचवट्यावरचा बांध पुरेल, हे बेटागणिक वेगळे निघेल. त्यासाठी पावसाळ्यात वाळू कोणत्या बाजूला जाते आणि हिवाळ्यात किती परत येते, हे निदान दोन पावसाळे मोजावे, कवरत्ती आणि मिनिकॉयच्या मच्छीमारांना विचारावे, आणि मग निविदा काढावी.